गाणं बिघडवायला चंदीगडला

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, "रॉक गार्डन पाहिलंत का?" नाही पाहिलं. सुखना तलावही नाही पाहिला. पाच दिवस चंदीगडमध्ये होते आणि मी पाहिलं काय, तर एक हॉल, एक स्वयंपाकघर, पेटी दुरुस्त करणाऱ्या सरदारजींचं दुकान आणि गोल चौक. चौक मात्र पोटभर पाहिले. एक गेला की दुसरा, सगळे सारखे, सगळ्यांवर फुलं, आणि प्रत्येकाला वळसा घालताना आमचा रिक्षावाला म्हणायचा, "बस आ गया जी." तरी जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. निदान माझं डोकं तरी शांत होईल.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझी मोठी बहीण शैलाताई मुलांसाठी पुस्तकं लिहिते. गोष्टी थोड्या, गाणी फार. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. मिरजेजवळ एका बालवाडीत बाई होती, मुलं एका जागी बसेनात म्हणून गाणी रचायला लागली, त्यांची पुस्तकं झाली, कॅसेट निघाली, मग शाळाशाळांतून कार्यक्रम. तीस वर्षं झाली याला. मी नंदा, धाकटी. बँकेत कारकुनी करायचे आणि सुट्ट्या टाकून तिच्यामागं पेटी घेऊन हिंडायचे. आता निवृत्त झाले, पण हिंडणं काही सुटलं नाही.

ताईची एक खोड आहे आणि तिच्यापायी मी आयुष्यभर वैतागले आहे. नवीन गाणं ती सरळ छापायला देत नाही. आधी अनोळखी मुलांना दोन-तीनदा म्हणून दाखवते. कागद देत नाही, पाठ करून घेत नाही. मग एक-दोन दिवसांनी त्यांनाच म्हणायला लावते. मुलं कुठंतरी अडतात आणि आपल्या मनाचं काहीतरी घुसडतात. ताईच्या भाषेत, गाणं बिघडवतात. तिच्या वहीत डाव्या पानावर तिची ओळ असते आणि उजव्या पानावर मुलांनी बिघडवलेली. पुस्तकात जाते ती उजवीकडची. "उंदीरमामाच्या डब्यात तूप-पोळी" असं तिनं लिहिलं होतं. एका मुलीनं "उंदीरमामाच्या डब्यात कालची पोळी" असं म्हटलं, कारण तिच्या डब्यात कालचीच असायची. ते गाणं आमच्याकडच्या शाळांतून अजून म्हणतात. तूप-पोळी कुणाला माहीतही नाही.

पण गेली तीन वर्षं उजवं पान कोरं आहे. हल्ली ताईनं तोंड उघडलं की समोर आयांचे मोबाईल वर होतात. मुलं घरी जाऊन तो व्हिडिओ दहादा बघतात आणि काना-मात्रेचा फरक न करता जसंच्या तसं म्हणून दाखवतात. आया खूश, शाळा खूश. ताई घरी येऊन गप्प बसते. चंदीगडच्या मराठी मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा पिशवी भरता भरता ती म्हणाली, "नंदे, हे गोगलगायीचं शेवटचं. हेही कुणी बिघडवलं नाही तर मी थांबणार. मुलांना आपला उपयोग उरला नाही असं समजायचं."

"थांब की," मी म्हणाले. "माझे गुडघे तरी सुटतील." म्हणाले खरी. पण गाणी रचायची थांबली तर ही बाई दिवसभर करणार काय, ते मला सुचेना.

सरकारी क्वार्टर

जानेवारीत तिकडं जाऊ नये, एवढा एकच उपयोगी सल्ला या लेखात आहे, तो लिहून ठेवा. गाडीतून उतरलो तर समोर काहीच नाही. नुसतं धुकं. त्या धुक्यातून मंडळाचे सेक्रेटरी भालेराव उगवले. मूळचे लातूरचे, सरकारी नोकरीत बदली होऊन सहा वर्षांपूर्वी इकडं आलेले.

"वेलकम जी, वेलकम! अरे, पेटी आणलीत? कशाला त्रास घेतला मॅडम, तिची गरजच नव्हती."

गायिकेला बोलवायचं आणि पेटीची गरज नाही म्हणायचं, याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला असता तर परतीची गाडी तिथूनच धरली असती.

आमची सोय गौरीकडे होती. गौरी अकोल्याची, तिचा नवराही बदलीच्याच नोकरीतला. तो दौऱ्यावर गेलेला, त्यामुळं घरात ती आणि तिची आठ वर्षांची रेवा. पोरगी गोड, पण आम्ही दिसलो की पडद्यामागं. गौरीनं न्याहारीला पराठे केले होते. आमच्याकडं बशीत मूठभर पोहे घेतात आणि वर खोबरं घालून गप्प बसतात. इथं पराठा ताटाएवढा आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा. मी भाजी मागितली तर भाजी पराठ्याच्या पोटातच आहे म्हणाली. एक संपवताना मला धाप लागली, तोवर दुसरा ताटात.

"मावशी, एवढंसंच काय खाऊन राहिल्या? थंडी आहे, घ्या ना."

ताईनं पडद्याला विचारलं, "कितवीत गं तू?"

"थर्ड में," पडदा म्हणाला.

"मराठी कळतं ना?"

"सब समझ में आता है. बोलना नहीं आता."

गौरीचा चेहरा पडला. "येतं तिला," ती घाईघाईनं म्हणाली. "लाजून राहिली. आमची बदली झाली की शाळा बदलते, शेजार बदलतो. मी एकटी किती बोलणार तिच्याशी?"

हॉल

दुसऱ्या दिवशी तालीम. वीस-बावीस मुलं, मुली नऊवारीत, मुलगे फेट्यात, आणि फेट्याखाली कानटोप्या. मी पेटी उघडली तर थंडीनं दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात.

"म्हणून म्हटलं ना मॅडम," भालेराव आनंदानं म्हणाले, "आपल्याकडे ट्रॅक आहे."

त्यांनी बटण दाबलं आणि हॉलभर ताईचा आवाज घुमला. तीस वर्षांपूर्वीचा, कॅसेटमधला, कोवळा. मुलं त्यावर ओठ हलवायला लागली! हात कमरेवर, मान डोलतेय, ओठ हलतायत आणि बावीस मुलांपैकी एकाच्याही गळ्यातून आवाज नाही. ताई खुर्चीत बसून स्वतःचा तरुण आवाज ऐकत होती. माझं पित्त खवळलं.

"अहो, मुलं गात का नाहीत?"

भालेरावांनी मला बाजूला घेतलं. "काय आहे मॅडम, मुलांचं मराठी हिंदाळलेलं. 'मी जाती हूँ' असलं काहीतरी बोलतात. प्रमुख पाहुणे मोठे ऑफिसर आहेत. त्यांच्यासमोर नाचक्की नको."

"ते मराठी आहेत?"

"नाही जी, पंजाबी आहेत."

"मग त्यांना कळणार कसं?"

"त्यांना नाही कळणार. पण आपल्याला कळतं ना!"

मी कपाळाला हात लावला. ताईला मात्र राग येत नाही, हीच तर माझी कटकट आहे. ती उठली आणि म्हणाली, "मुलांना एक नवीन गाणं ऐकवू? फक्त ऐकू दे. मोबाईल नको."

"हो हो, मॅडम, पक्का," म्हणून सगळ्यांनी मोबाईल काढले. मी डोळे वटारले तेव्हा छातीपाशी धरून चालू ठेवले. ताईनं गायलं:

गोगलगाय, गोगलगाय, निघालीस कुठे?
घर माझं पाठीवर, जाईन तिथे!
हंडा घेतला, कळशी घेतली, घेतला पाट,
काही नाही राहिलं मागे, मोकळी वाट!

अशी चार कडवी. धुक्यानं तिचा घसा धरला होता, दुसऱ्या कडव्यात मध्येच खोकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रेवा त्यांच्यात नव्हती. ती पायरीवर पिना आणि गजऱ्यांची टोपली सांभाळत बसली होती. ओठ नुसते हलवायचेत तरी शब्द चुकीचे हलतात, म्हणून तिला घेतलं नाही, असं भालेरावांनी सांगितलं. बोलले असते तर पाहुणी म्हणून आले होते हे विसरले असते.

सेक्टर २२

तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन ताई आणि मी, गौरीसोबत आणि रेवासोबत सेक्टर २२ च्या बाजारात. हा मात्र मला आमच्या गावच्या पेठेसारखा वाटला. चिंचोळी दुकानं, आरडाओरडा, गरम भटुऱ्यांचा वास. बाकी सगळं शहर कसं पट्टीनं आखलेलं, कुठं रस्ता चुकायचीही सोय नाही. मला वाटलं होतं पेटी दुरुस्त करणारा शोधताना नाकी नऊ येतील. पण पंजाबात गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तनाला पेटी लागते, तिला ते वाजा म्हणतात, त्यामुळं तिसऱ्याच दुकानात एक म्हातारे सरदारजी भेटले. त्यांनी पट्ट्या काढल्या, पुसल्या, घासल्या, बसवल्या आणि भाता मारून पाहिला.

"बहुत चला है ये वाजा," ते म्हणाले. "क्या गाते हो जी?"

"बच्चों के गाने," ताई म्हणाली.

"अच्छा. बच्चे भी गाते हैं साथ में?"

अख्ख्या चंदीगडात हा प्रश्न विचारणारा हा एकच माणूस भेटला. ताई नुसती हसली. मी उगाच रेवाला ओरडले की स्टुलावर नीट बस.

येताना गौरीनं पाच किलो मटार घेतला. तिकडं थंडीत मटार असाच घेतात, सोलून वर्षभराचा फ्रीजरमध्ये भरतात. दुपारी ऊन पडलं तशी आम्ही चौघी गच्चीवर चटई टाकून सोलायला बसलो. पाच किलो मटार म्हणजे काय असतं ते सोलल्याशिवाय कळत नाही. माझी नखं हिरवी झाली. हात चालता चालता ताईनं गोगलगाय गुणगुणायला सुरुवात केली, सबंध म्हटलं, थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. रेवा दाणे खात ऐकत होती. मोबाईल कुणाच्याच हातात नव्हता, कारण सगळ्यांचे हात शेंगांत. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी आपली ढीग कमी का होत नाही म्हणून चिडले होते.

पुन्हा हॉल

चौथा दिवस कार्यक्रमाचा. चारची वेळ, पाहुणे साडेपाचला आले. त्यांनी मराठ्यांच्या पराक्रमावर हिंदीत भाषण केलं, मग पंजाबीत केलं, ते संपेना. मग शाल-श्रीफळ. नारळ लिंबाएवढा, पण शाल खरी लोकरीची, ती मी ताईच्या अंगावरून लगेच ओढून घेतली आणि पांघरली. मग ट्रॅक लागला, ओठ हलले, टाळ्या पडल्या. दुरुस्त केलेली पेटी माझ्या मांडीवर गप्प.

शेवटी भालेरावांनी माईक घेतला. "आता शैलामॅडमसाठी एक सरप्राईज!"

मुलं रांगेत उभी राहिली आणि स्पीकरमधून आलं ताईचं गोगलगायीचं गाणं. परवाच्या तालमीत चोरून रेकॉर्ड केलेलं! मुलांनी दोन दिवसांत व्हिडिओ बघून सगळे ओठ अचूक बसवले होते. ताई जिथं खोकली होती, तिथं बावीस मुलांनी तोंडावर हात धरून खोकून दाखवलं.

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताईनंही वाजवल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "झालं, नंदे." एवढंच. मी भालेरावांना, त्या ऑफिसरला, मोबाईल बनवणाऱ्याला आणि समोर आलेल्या प्रत्येक चौकाला शिव्या घालत घरापर्यंत आले.

गच्ची

पाचव्या दिवशी सकाळी निघायची तयारी. ताई आंघोळीला गेली होती. मी गच्चीच्या दाराशी पेटीला खोळ घालत होते. रेवा बाहेर उन्हात पाय पसरून किन्नू सोलत बसली होती. किन्नू म्हणजे तिकडचं संत्रं, आपल्या नागपुरीपेक्षा आंबट. तिची पाठ माझ्याकडं होती. आणि ती गात होती.

घर माझं पाठीवर, जाईन तिथे!
हंडा घेतला, कळशी घेतली, घेतला पाट,
अन्नू राहिली मागे, बाकी सब है साथ.

माझे हात खोळीतच राहिले. पुन्हा तीच ओळ तिनं म्हटली, किन्नूची फोड तोंडात टाकून, अगदी सहज. ताईची मोकळी वाट गेली होती आणि तिच्या जागी ही आली होती.

"अन्नू कोण गं?" मी हळूच विचारलं.

"मेरी फ्रेंड. भोपाल में है. पापा का ट्रान्सफर हुआ ना, सब ट्रक में आ गया." तिनं बी थुंकली. "वो नहीं आई."

मी ताईला हाक मारणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून गौरी आली, हाताला कणीक. "रेवा! असं नाही बेटा. 'काही नाही राहिलं मागे, मोकळी वाट.' म्हण बरं. आजीसमोर असं म्हणशील तर काय वाटेल त्यांना?"

"अगं गौरी, थांब!" मी ओरडले. पण रेवानं म्हटलंसुद्धा. नीट, शुद्ध, एक अक्षर न चुकता. पुढं चारही कडवी आईनं म्हणवून घेतली. केस पुसत ताई बाहेर आली तेव्हा पोरगी सबंध गाणं घडाघडा म्हणत होती.

"मघाचं म्हण, सोन्या," मी तिच्या कानाशी लागून विनवलं. "अन्नूचं म्हण."

"वो गलत है ना," रेवाही माझ्या कानात म्हणाली. "मम्मा ने बताया."

"छान म्हटलंस हं," ताई म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली.

मी गौरीला स्वयंपाकघरात गाठलं. चांगली झाडणार होते. पण ती ओट्याशी रडत होती. "सगळे म्हणतात, पोरीला मराठी नाही आलं. कार्यक्रमातही नाही घेतलं तिला. आज पहिल्यांदा सबंध गाणं नीट म्हणाली ती, मावशी. एप्रिलमध्ये पुन्हा बदली आहे आमची, कुठं होते कोण जाणे. निदान एक गाणं तरी तिच्याजवळ राहू द्या." काय झाडणार तिला? पदरानं तिचे डोळे पुसले आणि डब्यात भरलेले चार पराठे मुकाट्यानं घेतले.

स्टेशन

गाडी धुक्यामुळं दोन तास उशिरा. बाकावर बसल्या बसल्या मी ताईला सगळं सांगितलं. किन्नू, अन्नू, भोपाळ, ट्रक आणि ती ओळ.

ताईनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "नंदे, मला बरं वाटावं म्हणून किती करशील?"

"म्हणजे?"

"तू रचलीस ती ओळ."

माझा संताप संताप झाला. चूक माझीही होती, ते कबूल करते. गेल्या वर्षी एका शाळेतून परत येताना मी एक बिघडवलेली ओळ स्वतःच बनवून मुलांच्या नावावर खपवायला गेले होते आणि ताईनं ती दोन मिनिटांत ओळखली होती. पण या वेळी मी खरं सांगत होते, आणि साक्षीला होती ती एकटी गौरी; रडलेल्या त्या बाईला फोन करून पोरीची चूक पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. रेवाला फोनवर घ्यावं तर तिनं पुन्हा शुद्धच म्हटलं असतं.

"ताई," मी एवढ्यानं म्हणाले की शेजारच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली, "मला असली ओळ सुचत असती, तर तीस वर्षं मी तुझी पेटी वाहिली असती का?"

हे वाक्य मी तिला कधीच ऐकवलं नव्हतं, आणि मलाही ते म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. मग ताईनं पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली आणि म्हणाली, "पुन्हा सांग."

मी सांगितली. तिनं उजव्या पानावर लिहिली. हिंदी शब्द होते तसे ठेवले. खाली लिहिलं, रेवा.

"आणि पुढची कडवी?" तिनं विचारलं. "ती कशी म्हटली तिनं?"

"पुढं म्हणू दिलंय कुठं तिच्या आईनं? तिथूनच सगळं शुद्ध करून टाकलं."

"मग परत जाऊन ऐकायला लागेल. थोड्या दिवसांनी. शुद्ध केलेलं विसरली की."

"परत? ताई, एप्रिलमध्ये त्यांची बदली आहे! कुठं होईल त्यांनाच माहीत नाही!"

"होईल तिथं जाऊ," ताई म्हणाली आणि गौरीनं दिलेल्या पराठ्यांचा डबा उघडून खायला लागली.

होईल तिथं म्हणे! पेटी कोण उचलणार, याबद्दल बाईसाहेब एक अक्षर बोलल्या नाहीत.